केळीच्या धाग्याचे डूल

आमच्या घरात मासा कधी शिजला नाही. अंड्याचा केक आणला तर मम्मी तो अंगणात खायला लावते आणि ताटलीसुद्धा बाहेरच्या नळावर धुवून घेते. त्याच घरात गेल्या ऑक्टोबरात जेवणाच्या टेबलावर मासे धरायचे गळ पसरलेले असायचे आणि ते मी पसरलेले असायचे. सावद्यातल्या आमच्या काही नातेवाइकांना हे अजूनही खरं वाटत नाही. मी पाहुण्यांना पाणी देऊन आत निघून जाणारी मुलगी.

कारण होता दादा.

दादा कॅनडात नोकरीला गेला आणि पहिल्याच हिवाळ्यात त्याने फोनचा कॅमेरा बंद केला. फोन यायचा, दर रविवारी संध्याकाळी. तिकडे तेव्हा सकाळ असते. पण पडद्यावर चेहरा नाही, फक्त गोलात त्याचा जुना फोटो, पप्पांच्या बागेत केळीच्या घडाला हात लावून काढलेला. मम्मी त्या फोटोशी बोलायची.

"जेवला का?"

"हो."

"थंडी?"

"आहे."

"तोंड तरी दाखव रे."

"नेट स्लो आहे मम्मी."

पप्पा शेतातल्या पंपाच्या खोलीतून व्हिडिओ कॉल करतात, तो अडकत नाही. कॅनडात मात्र नेट स्लो. फोन ठेवल्यावर मम्मी स्वतःशीच म्हणायची, "वाळला असेल. म्हणून दाखवत नाही."

कॅमेरा बंद ठेवणारी माणसं मला समजतात, मी त्यांच्यातलीच आहे. इंग्लिश मीडियमच्या शाळेत उत्तर येत असूनही मी कधी हात वर केला नाही. पण दादा तसा नव्हता. तो दूध आणायला गेला की वाटेत अर्ध्या बाजाराशी बोलून यायचा आणि दूध विसरायचा. तो गप्प झाला, म्हणजे तिकडे काहीतरी बिनसलं होतं. उन्हाळा आला, गेला, फोटो तसाच राहिला. मला त्याचा चेहरा बघायचा होता. बाकी काही नाही.

सप्टेंबरात त्याने मला, फक्त मला, एक फोटो पाठवला. मागच्या हिवाळ्यातला. पांढऱ्या सपाट जागेत एक गोल काळं भोक, शेजारी बादली आणि घडीचं स्टूल. मी विचारल्यावर थोडं थोडं करत त्याने सांगितलं. गोदामात त्याच्याबरोबर काम करणारे एक आजोबा आहेत. तळं गोठलं की ते सुट्टीच्या दिवशी बर्फावर जातात, यंत्राने भोक पाडतात आणि त्यातून दोरी सोडून मासे धरतात. दादालाही न्यायचे. दादा गेला आणि मग जायचा थांबला.

"का?"

"ते गळाला जिवंत अळ्या लावतात. पांढऱ्या, तांदळाएवढ्या. डबीत वळवळत असतात. माझा हातच पुढे होत नाही."

"नकली मिळत नाहीत?"

"मिळतात. मी घेतले ते जड निघाले. थंडीत मासे सुस्त असतात, त्यांना हळूहळू खाली येणारं काहीतरी लागतं. माझा गळ दगडासारखा तळाला जातो. आजोबांचे मासे, माझं नुसतं बसणं. जाऊ दे. या वर्षी नाही जाणार."

'या वर्षी नाही जाणार' हे मी कितीतरी वेळा वाचलं. म्हणजे सगळ्या सुट्ट्या खोलीत. म्हणजे तो फोटो आणखी एक हिवाळा.

लहानपणी आम्ही दोघं मासे धरायचो, पण आमच्या पद्धतीने. मम्मीचं माहेर तापीकाठी, हतनूरच्या धरणाचं पाणी जिथे पसरतं तिकडे. सुट्टीत आबांनी, म्हणजे मम्मीच्या वडिलांनी, आम्हाला काठावर बसायची परवानगी दिली होती. एकच अट होती, गळ लावायचा नाही. मग केळीच्या सोपटातून, म्हणजे खोडाच्या सालीतून, धागा काढायचा, त्याच्या टोकाला भिजवलेल्या कणकेची गोळी दाबायची आणि पाण्यात सोडायची. मासा आला की धाग्याला हिसका बसायचा. हिसका बसला की "हिसका!" असं मोठ्याने ओरडायचं. ज्याला जास्त हिसके, तो जिंकला. दादा खोटे हिसके ओरडायचा. मी खरा बसला तरी ओरडायची नाही, म्हणून कायम हरायची. मासे पोट भरून जायचे आणि आम्ही रिकाम्या हाताने घरी.

तर मी त्याला लिहिलं, "मी करून पाठवते. हलके."

बऱ्याच वेळाने उत्तर आलं, "तू???" आणि पुढे हसून लोळणारा चेहरा. कित्येक महिन्यांत त्याने हसण्याची साधी खूणसुद्धा पाठवली नव्हती.

मी केळीची रोपं तयार करणाऱ्या एका प्रयोगशाळेत काम करते. काचेच्या बाटलीतला नखाएवढा कोंब चिमट्याने काढायचा, कापायचा, दुसऱ्या बाटलीत लावायचा. तोंडाला मास्क असतो, कुणी कुणाशी बोलत नाही, मला ते आवडतं. माझा हात थरथरत नाही. स्वतःबद्दल खात्रीने सांगता येईल अशी ही एक गोष्ट माझ्याकडे आहे.

गळ मात्र बाटलीत मिळत नाहीत. त्यासाठी जळगावात जाळी आणि दोरखंडाच्या दुकानात जावं लागलं. दुकानासमोरून मी आधी दोनदा पुढे निघून गेले. आत गेले तेव्हा गल्ल्यावरच्या भाऊंनी माझ्याकडे बघून शेजारच्या किराणा दुकानाकडे बोट दाखवलं.

"नाही, गळ पाहिजेत. सगळ्यात लहान."

त्यांनी एक पुडी काढली. मी म्हटलं, याहून लहान. दुसरी काढली. याहून लहान. शेवटी वरच्या फळीवरून धूळ झटकत एक डबी आली.

"ताई, याला मासा नाय लागत. मुंगी लागंल, मुंगी."

"चालेल," मी म्हटलं. त्यांनी मला नीट निरखून पाहिलं आणि डबीबरोबर शिशाचे बारीक मणीही बांधून दिले.

धाग्याची सोय पप्पांकडे. घड कापून झालेली केळीची खोडं बांधावर पडलेली असतात. बाहेरची सोपटं जाडीभरडी, पण आत आत जावं तसा धागा बारीक आणि पांढरट निघतो. पप्पा एक खोड ट्रॅक्टरवर टाकून थेट अंगणात घेऊन आले. मी पाटावर सोपट ठेवून चमच्याने खरवडायला बसले. गर निघून गेला की खाली रेशमासारखे तंतू राहतात, ते धुवून सावलीत वाळवायचे. पप्पा चहा पीत बघत होते.

"हे काय करू राह्यली व तू?"

"दादासाठी मासे धरायचे किडे."

पप्पांनी जरा विचार केला. "केयीचं खोड आपल्या ढोरायनं बी कधी पुरतं खाल्लं नाही. आता कॅनडाचे मासे खातीन म्हन."

पहिला किडा मी एका दुपारी बांधला. गळाच्या दांड्यावर धागा गुंडाळला, मागे तंतूंची बारीक शेपटी सोडली, पुढे शिशाचा मणी लावला. आता तो पाण्यात कसा पडतो ते बघायचं होतं. बादलीत दिसत नाही, ग्लास बुटका. स्वयंपाकघरात मम्मीची लोणच्याची रिकामी काचेची बरणी होती, उंच आणि स्वच्छ. मी तिच्यात पाणी भरलं आणि किडा सोडला. तो टणकन तळाला आपटला. त्या आवाजाने मम्मी आली.

मम्मी आमच्याशी पुस्तकी मराठीत बोलते. चिडली की मात्र तिचं माहेर वर येतं, ळ चा य होतो.

"माह्या लोनच्याच्या बरनीत मासोयीचा गय? काबरं व? घरात दुसरं भांडं नव्हतं?"

"मम्मी, दिसायला पाहिजे तो खाली जाताना."

"आता त्या बरनीत काय लोनचं घालू मी?" मग तिने गळाकडे बोट दाखवलं. "मरतो का त्याने मासा?"

"दादा धरून परत सोडून देणार."

"सोडायचाच आहे तर धरतो कशाला?"

बाहेरून पप्पा म्हणाले, "तू पाहुन्यायले धरून धरून बसवते अन् मंग सोडून देते, तसं."

मम्मीला हसू आलं, ते तिने मोठ्या मुश्किलीने गिळलं. मी तेवढ्यात तिला दादाचं सगळं सांगितलं. अळ्या, बर्फावरचं स्टूल, 'या वर्षी नाही जाणार'. ती ओट्याला टेकून उभी राहिली, मग बरणी उचलून खिडकीपाशी उजेडात ठेवली.

"टाक बरं पुन्हा."

त्या दिवसापासून बरणी माझी झाली आणि परीक्षक मम्मी. शिसं काढलं तर किडा तरंगत राहायचा, केळीच्या धाग्यात हवा राहते. शिसं लावलं तर दगड. मधलं काहीतरी हवं होतं. आमच्या शेजारी एक आपा ब्लाउजवर आरीकाम करतात. त्यांच्याकडे मोहरीपेक्षा लहान काचमणी आणि टिकल्या डबे भरून असतात. मी हातावरचा किडा त्यांना दाखवला.

"क्यूं गं, मछली का लगन है क्या?" असं म्हणत त्यांनी माझ्या तळहातावर मणी ओतले. "लाल भी ले जा. दुल्हन है तो लाल चाहिए."

काचमणी शिशाहून हलका. तोंडाशी एक मणी, पोटावर एक चपटी टिकली. बरणीत सोडला तर किडा एकदम थांबल्यासारखा झाला, मग डावीकडे झुकला, मग उजवीकडे, टिकली चमकली, शेपटी उघडली आणि मिटली. झाडावरून वाळकं पान यावं तसा तो खाली आला. मम्मीने श्वास सोडला.

"हा मुरडत आला," ती म्हणाली. "मी मासा असते तर आले असते."

किडा हा शब्द तिला सोसत नव्हता. रांगेत टोचून ठेवलेले ते गळ तिला कानातल्या डुलांसारखे दिसत, म्हणून ती त्यांना डूल म्हणायला लागली आणि मग आम्ही सगळेच. मी कामावरून आले की ती विचारायची, "आज किती डूल करणार?" कपडे वाळत घालता घालता मला हाक मारून सांगायची, "हिरवी टिकली लावून बघ एकदा." एका संध्याकाळी आम्ही तिघं बरणीभोवती खुर्च्या टाकून बसलो होतो आणि टीव्ही कुणीच लावला नव्हता.

एक अडचण राहिली. वाळलेला धागा गळाच्या वळणावर कडक होऊन तुटायचा. मम्मी म्हणाली, केसांसारखाच आहे तो, कोरडा पडला की तुटणारच. तिने खोबरेल तेलाची बाटली आणली आणि बोटाने एकेका डुलाच्या शेपटीला चोळून चोळून तेल लावलं. धागे मऊ झाले, चमकायला लागले. ऑक्टोबरचं ऊन, भिंतीसुद्धा तापलेल्या, तेल पाण्यासारखं पातळ. आम्हा दोघींना ती कल्पना फार हुशारीची वाटली.

डूल माझ्या शाळेच्या जुन्या कंपासपेटीत थर्माकोलवर टोचून बसवले. ते नेणार होत्या मम्मीच्या ओळखीच्या एक अक्का. त्यांची मुलगी दादाच्याच शहरात असते आणि तिच्या बाळंतपणासाठी त्या निघाल्या होत्या. अक्कांच्या बॅगेत डिंकाचे लाडू, केळीचे वेफर्स, कळण्याचं पीठ, सगळं बसलं. कंपासपेटी उघडल्यावर मात्र त्या मागे सरकल्या.

"गय? अन् मले धरलं विमानात मंग? ते म्हनतीन, ही म्हातारी कोन्ता मासा धराले निघाली?"

"अक्का, मोठ्या बॅगेत ठेवायचं, हातातल्या नाही. काही होत नाही."

"तू तं कधी बोलत नाही व पोरी. अन् बोलली तं हे!" असं म्हणत त्यांनी पेटी लाडवांच्या डब्याखाली सरकवली.

नोव्हेंबरात दादाचा निरोप आला. "मिळालं." त्यापुढे काही नाही. मी वाट बघितली. रविवारी तोच गोल फोटो बोलला, लाडू छान आहेत म्हणाला. तळं अजून गोठायचं होतं.

जानेवारीतली एक सकाळ. रात्रीपासून थंडी उतरली होती. केळीला कडाक्याची थंडी बाधते, पानांना चरका बसतो, म्हणून पप्पा उजाडायच्या आधीच बागेच्या कडेला ओला पाचोळा पेटवून धूर करायला गेले होते. मला केस धुवायचे होते म्हणून मी तेलाची बाटली उलटी केली. काही आलं नाही. बाटली पांढरी, घट्ट. दर थंडीत होतं तसंच. दर थंडीत करते तसंच मी ती उन्हात ठेवायला निघाले आणि दारातच थांबले.

"मम्मी."

"काय गं?"

मी बाटली दाखवली. तिला क्षणभर कळलं नाही. मग तिने कपाळावर हात मारला. "अवं माय! डूल!"

आमच्या जानेवारीत गोठणारं तेल आम्ही बर्फाच्या देशात पाठवलं होतं. शेपट्यांचे आतापर्यंत गोळे झाले असणार. ते पांढरं काय म्हणून दादाने पेटी बाजूला टाकली असेल, म्हणून तर एवढंच लिहिलं, 'मिळालं'. पप्पा धुराचा वास घेऊन घरी आले, त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाले, "केसाले लावायचं तेल मासोयीले लावलं तुमी. आता मासोयीले वेनीबी पाठवा." मम्मीने त्यांच्याकडे असं पाहिलं की ते चहा घेऊन अंगणात गेले. मी दादाला लिहायला घेतलं, सॉरी, तेल लावायला नको होतं. लिहिलं, पुसलं, पुन्हा लिहिलं, पुन्हा पुसलं.

रविवारी संध्याकाळी फोन वाजला. मम्मी स्वयंपाकघरात होती, म्हणून मी उचलला. गोल फोटो आला नाही. पडदा नुसता पांढरा झाला. मला वाटलं, बिघडला. मग पांढऱ्यात एक लाल नाक आलं, त्याखाली दाढी आणि वर मम्मीने विणलेली टोपी.

"मम्मी!" मी ओरडले, आणि ती हातात लाटणं घेऊनच धावली.

"अरे दाढी!" हे तिचं पहिलं वाक्य. "भिकाऱ्यासारखी दाढी काय वाढवली? गाल कुठे गेले तुझे?" आणि ती दुसऱ्या हाताने डोळे पुसत होती.

दादा हसत होता. तोंडातून वाफ येत होती. त्याच्या मागे दूरपर्यंत बर्फ, ठिकठिकाणी बसलेली माणसं, शेजारी स्टुलावर एक आजोबा, त्यांनी आम्हाला हात केला. मम्मीने लाटणं हलवून उत्तर दिलं.

"मम्मी, तेल तू लावलंस ना?"

आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं.

"आज पहिल्यांदा पेटी उघडली. आजोबा न्यायला आले, नाही म्हणवेना. बघतो तर सगळ्यांवर पांढरे गोळे. मला वाटलं, बुरशी. टाकूनच देणार होतो. हातमोजा काढून एक चिमटीत धरला, तो गोळा बोटांत वितळला आणि..." त्याने बोटं नाकाशी नेली. "रविवारचा वास आला."

लहानपणी रविवारी मम्मी आम्हाला अंगणात बसवून डोक्याला तेल लावायची. कुणी काही समजावून सांगायची गरज नव्हती.

"मग म्हटलं, घरी फोन लावू. एक चोळून टाकला, बाकीचे तसेच ठेवले. आणि हे बघ," त्याने एक डूल कॅमेऱ्याजवळ धरला. टिकली, लाल मणी आणि शेपटीवर गोठलेल्या खोबरेलाचा तांदळाएवढा पांढरा गोळा. "अळी आहे की नाही? आजोबांनी डबी उघडून शेजारी धरली, ते पण चकले. आणि तेल पाण्यावर तरंगतं ना, त्यामुळे हा जो काय हळू खाली जातो! एकदम आरामात."

"मुरडत जातो का?" मम्मीने परीक्षकाच्या आवाजात विचारलं.

"मुरडत."

त्याने फोन बादलीला टेकवून ठेवला. आता पडद्यात भोक दिसत होतं, काळ्या पाण्याचा गोल, त्यावर तोललेली छोटी काठी आणि खाली गेलेली दोरी. पप्पाही येऊन उभे राहिले. मम्मीने दाढीचा विषय पुन्हा काढला. दादा तिच्याशी वाद घालायला लागला, दाढीने गाल गरम राहतात, तिला काय माहीत. ती म्हणाली, गालच नाहीत तर गरम काय राहतं. पप्पा म्हणाले, राहू दे, शोभते. तिघं एकाच वेळी बोलत होते. दोरीकडे कुणाचं लक्ष नव्हतं. माझं होतं.

काठीचं टोक किंचित वाकलं. सरळ झालं. मग चांगलंच खाली गेलं.

"हिसका!" मी ओरडले. लहानपणी कधी ओरडले नव्हते एवढ्या मोठ्याने. "दादा, हिसका! खरा आहे!"

दादाने झडप घातली, स्टूल उलटलं, फोन आडवा पडला. आम्हाला आडवं तळं आणि आडवे आजोबा टाळ्या वाजवताना दिसले. मग दादाच्या ओल्या हातात एक पिवळा मासा, अंगावर काळसर पट्टे, बोटभर लांब, ओठाशी आपांचा लाल मणी.

"सोड, सोड त्याला," मम्मी ओरडली, "थंडी वाजेल त्याला!"

"मम्मी, तो तिथेच राहतो."

"तरी सोड!"

त्याने डूल हळूच काढला आणि मासा भोकात सोडला. एक वळसा घालून तो काळ्या पाण्यात गेला. दादाने फोन सरळ केला, चेहरा अगदी जवळ आला, नाकावरून पाणी गळत होतं.

"तुझा एक झाला," तो मला म्हणाला. "थांब, माझा अजून व्हायचाय. फोन ठेवू नका."

भिंतीपलीकडून आपांचा आवाज आला, "क्या हुआ रे? कौन चिल्लाया?"

"मी!" मी म्हटलं, आणि खुर्ची ओढून दोरीसमोर बसले.